कमिट एकच, हॅश दोन: बिल्डमधलं आर्काइव्ह दरवेळी बदलत असेल तर कुठे बघायचं

लक्षण असं. गिटमधला कमिट (कोडची नोंदवलेली अवस्था) तोच, कोडची एक ओळ इकडची तिकडे झालेली नाही. तरी काल बांधलेल्या आर्काइव्हचा (सगळ्या फाइली एकत्र बांधलेल्या पॅकेजचा) शा-256 हॅश, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला ठसा, आणि आज बांधलेल्याचा हॅश जुळत नाही. दोन्ही उघडून बघितली तर आतल्या फाइली अगदी सारख्या. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, सर्व्हरवर चालतंय ना? मग जाऊ दे." काही दिवस शांतता असते आणि तीच तक्रार दुसऱ्या मॉड्यूलमधून परत येते.

जाऊ देऊ नका. ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या पट्ट्यात आपल्यापैकी कितीतरी जण दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर बांधून देतात. ग्राहकाकडे रिलीज तपासणारा माणूस आपल्या सोर्सवरून स्वतः बिल्ड करतो, आपण कळवलेल्या हॅशशी ताडून बघतो, आणि जुळलं नाही की विचारतो: तुम्ही पाठवलेलं पॅकेज नक्की याच कोडमधून बांधलंय ना? या प्रश्नाला "हो हो, तेच आहे" हे उत्तर पुरत नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबणाऱ्या (कॉम्प्रेस करणाऱ्या) साधनाचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमधला बॅकडोअर (चोरवाट) जागा करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे टार आर्काइव्हमध्ये, होती. कोड वाचणाऱ्यांना ती दिसणार कशी? सोर्सवरून तेच आर्काइव्ह पुन्हा बांधता येणं आणि ते बाइटन् बाइट जुळणं, ही एवढीच खात्री आपण समोरच्याला देऊ शकतो.

रोजचा त्रास वेगळाच. हॅश बदलला की बिल्ड कॅश फुकट जातो, पुढच्या सगळ्या पायऱ्या नव्याने चालतात, डॉकरचा लेयर नव्याने ढकलला जातो आणि ज्या मॉड्यूलला कोणी हातही लावला नाही ते सगळ्या सर्व्हरवर पुन्हा कॉपी होतं.

आमची टीम ऐरोलीत बसते, निम्मी माणसं ठाण्याहून येतात. पाइपलाइनचे रनर (बिल्ड चालवणारी मशीन) क्लाउडवर, त्यांचं घड्याळ यूटीसीवर. लॅपटॉप अर्थात भारतीय वेळेवर. जोराच्या पावसात ट्रान्स-हार्बर लाइन अडकली की निम्मी टीम घरून काम करते, कोणी घोडबंदर रोडवरून तर कोणी कळव्याहून, आणि तातडीचं पॅच पॅकेज एखाद्याच्या लॅपटॉपवर बांधलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये ही तक्रार वाढते ती त्यामुळे. दोन मशीन, दोन यूजर, दोन टाइमझोन, आणि आर्काइव्ह करणारी कमांड या सगळ्याची नोंद इमानेइतबारे आत करून ठेवते.

पर्यायांची नावं खाली उच्चारल्याप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.

आधी पहिला वेगळा बाइट शोधा

बहुतेक जण इथेच घाई करतात. कुठूनतरी टारच्या पर्यायांची लांबलचक ओळ उचलून स्क्रिप्टमध्ये चिकटवतात. कधी लागू पडते, कधी नाही, आणि नाही पडली तर का नाही हे कळत नाही. त्यापेक्षा दोन्ही आर्काइव्ह शेजारी ठेवा आणि सीएमपी ही साधी कमांड चालवा. पहिला फरक कितव्या बाइटवर आहे ते ती सांगते, मोजणी 1 पासून. टार, झिप आणि जीझिप या तिन्हींच्या हेडरमध्ये प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे, त्यामुळे बाइटचा आकडा कळला की गुन्हेगार जवळपास सापडलाच.

जीझिपचं हेडर 10 बाइटचं. त्यात 5 ते 8 हे चार बाइट म्हणजे वेळ, तीही सेकंदांमध्ये आणि लहान बाइट आधी. त्यामुळे एका सेकंदाच्या अंतराने केलेल्या दोन फाइलींमध्येही पहिला फरक 5 व्या बाइटवर दिसतो. सीएमपीने 5 हा आकडा दाखवला की पुढे काही शोधू नका. आधी टार फाइल बनवून मग ती जीझिपने दाबली की त्या टार फाइलची वेळ आणि नावही हेडरमध्ये जातं. पायथनच्या टारफाइल मॉड्यूलने थेट दाबलेलं आर्काइव्ह लिहिलं तर त्या क्षणाची वेळ जाते. कमांडसाठी उपाय एका अक्षराचा: जीझिपला 'एन' हा पर्याय द्या, नाव आणि वेळ दोन्ही गाळली जातात. पायथनमध्ये जीझिप-फाइल स्वतः उघडून तिला 'एम-टाइम' शून्य द्या आणि टार तिच्यात लिहा.

फरक 10 व्या बाइटवर असेल तर गोष्ट मजेशीर आहे. तिथे कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर फाइल दाबली त्याचा आकडा असतो. जावाची जीझिप लायब्ररी तिथे पूर्वी 0 लिहायची, जावा 16 पासून 255 लिहिते. म्हणजे एकाच्या लॅपटॉपवर जावा 11 आणि रनरवर जावा 17 असेल तर बाकी सगळं जुळूनही हा एक बाइट वेगळा येणार. पर्याय शोधत बसू नका, दोन्हीकडे जावाची आवृत्ती एक करा.

झिपमध्ये फाइलच्या हेडरचे 11 ते 14 हे बाइट म्हणजे वेळ आणि तारीख. टारमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी 512 बाइटचं हेडर: पहिले 100 बाइट नावाचे, 101 ते 108 परमिशनचे, 109 ते 116 यूजर आयडीचे, 117 ते 124 ग्रुप आयडीचे, 137 ते 148 बदलाच्या वेळेचे. हा तक्ता आमच्या टीमच्या विकीवर सगळ्यात वर आहे.

तो कसा उपयोगी पडतो त्याचा एक नमुना. पावसाच्या दिवशी ठाण्यातून काम करणाऱ्या सहकारी मुलीचा चॅटवर मेसेज आला.

"दादा, हॅश परत जुळत नाहीये. वेळ तर आपण फिक्स केली होती ना?"

"दाबलेली फाइल नको, आतलं टार काढून सीएमपी लाव. कितवा बाइट?"

"एकशे सहा."

"तुझ्या टर्मिनलवर यूमास्क टाइप कर. काय येतंय?"

"0002."

यूमास्क म्हणजे नव्या फाइलीला कुठल्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारा आकडा. रनरवर तो 0022 होता. परमिशनच्या रकान्यात सात आकडे असतात: 0000755 किंवा 0000775. यातला सहावा आकडा ग्रुपच्या परवानगीचा, आणि 101 पासून मोजत गेलं तर तो बरोबर 106 व्या बाइटवर येतो. उबंटूवर साध्या यूजरचा यूमास्क बहुधा 0002 असतो, कंटेनरमध्ये रूटचा 0022. गिट फाइलच्या परवानग्यांमधलं एकच लक्षात ठेवतं, ती चालवता येते की नाही, बाकी सगळं चेकआउटच्या वेळी त्या मशीनच्या यूमास्कवरून ठरतं. म्हणून एकच कमिट दोन मशीनवर उतरवला की एकीकडे 664 आणि दुसरीकडे 644. त्या मुलीने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

एक सांगून ठेवतो. एक फरक मिटवला की सीएमपी पुढचा दाखवते. म्हणजे उपाय चुकला असं नाही, कारणं एकावर एक रचलेली असतात. आकडा पुढे सरकतोय ना एवढं बघा.

फरक हेडरमध्ये नसून मजकुरातच असेल, किंवा वॉरच्या पोटात जार (दोन्ही जावाची झिपसारखी पॅकेजं) आणि जारच्या पोटात आणखी काही असा मामला असेल, तर डिफोस्कोप वापरा. डेबियनच्या रिप्रोड्यूसिबल बिल्ड्सच्या कामातून आलेलं हे हत्यार आर्काइव्ह आतपर्यंत उलगडत जातं आणि वेगळेपण नेमकं कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत आहे ते दाखवतं. दुरुस्ती मात्र आतून बाहेर करा. सगळ्यात आतलं जार आधी स्थिर झालं पाहिजे, नाहीतर बाहेरच्या पाकिटावर कितीही मेहनत घेतली तरी हॅश हलत राहणार.

वेळ: कुठली लिहायची?

गिट फाइलींच्या वेळा साठवत नाही. चेकआउट केलं तो क्षण हीच त्या फाइलीची वेळ. त्यामुळे वेळ आपणच ठरवून द्यायची हे उघड आहे. प्रश्न असतो कुठली द्यायची याचा, आणि त्यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण इथे केलेला निर्णय पुढे भलतीकडेच त्रास देतो.

एक रस्ता कमिटच्या वेळेचा. गिट लॉगमधून शेवटच्या कमिटची वेळ सेकंदांमध्ये काढायची आणि 'सोर्स डेट इपॉक' या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायची. ही पद्धत रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स प्रकल्पाने ठरवून दिली आहे आणि बरीच साधनं हे व्हेरिएबल आपणहून वाचतात. टार ते वाचेल या भरवशावर राहू नका, त्याला 'एम-टाइम' पर्यायातून तीच वेळ स्पष्ट द्या. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनात 'प्रोजेक्ट डॉट बिल्ड डॉट आउटपुट-टाइमस्टॅम्प' ही प्रॉपर्टी पॉम या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिली की जार बनवणारे नव्या आवृत्तीचे प्लगइन ती पाळतात.

दुसरा रस्ता ठरावीक वेळेचा. ग्रेडल हे दुसरं बिल्ड साधन हेच करतं: फाइलींच्या वेळा जपू नको असं सांगितलं की झिपमधल्या प्रत्येक फाइलवर 1 फेब्रुवारी 1980 ही तारीख टाकतं. जुन्या फाइलींवर 1980 दिसली म्हणून घाबरून विचारणारे दरवर्षी भेटतात. झिपची वेळ ठेवण्याची पद्धत डॉसच्या काळातली आहे, 1980 च्या आधीची तारीख तिच्यात मावतच नाही. म्हणूनच झिपसाठी शून्य इपॉक, म्हणजे 1970, देऊ नका. पायथनचं झिपफाइल मॉड्यूल तर सरळ एरर देतं.

माझं मत: बाहेर जाणाऱ्या रिलीजला कमिटची वेळ, आतल्या आत फिरणाऱ्या मॉड्यूलना ठरावीक वेळ. कारण कमिटची वेळ सगळीकडे लावली तर रीडमीमधली एक ओळ बदलणाऱ्या कमिटनेही प्रत्येक जारचा हॅश बदलतो आणि बिल्ड कॅशचा फायदा गेला. रिलीजला मात्र खरी तारीख असलेली बरी, ती उघडून बघणाऱ्या माणसाला काहीतरी सांगते.

आता तो भलतीकडचा त्रास. वेळ ठरावीक केली आणि पॅकेज उलगडून आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडने सर्व्हरवर पाठवलं, तर आरसिंक फाइल बदलली की नाही हे आकार आणि वेळ यांवरूनच ठरवतो. व्हर्जनच्या फाइलमध्ये 1.4.2 चं 1.4.3 झालं: आकार तोच, वेळही तीच. आरसिंक ती फाइल सोडून पुढे जातो! सर्व्हरवर नवा कोड आणि जुना व्हर्जन नंबर, आणि सगळे डोकं धरून बसतात. तिथे आरसिंकला 'चेकसम' हा पर्याय दिलाच पाहिजे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचंही तसंच. तो साध्या फाइलींचा ई-टॅग (फाइल बदलली का हे ब्राउझरला सांगणारी खूण) वेळ आणि लांबी यांवरून बनवतो, त्यामुळे मजकूर बदलूनही ई-टॅग तोच राहू शकतो आणि ब्राउझर जुनीच फाइल दाखवत बसतो. फाइलच्या नावातच हॅश असेल तर प्रश्न येत नाही, नसेल तर त्या फाइलींसाठी कमिटची वेळ वापरा.

झिपचा आणखी एक हिसका. झिपच्या मूळ रकान्यात स्थानिक वेळ जाते, टाइमझोनची नोंद नाही. सगळ्या फाइलींना नेमका एकच क्षण दिलात तरी यूटीसीवरचा रनर आणि भारतीय वेळेवरचा लॅपटॉप यांच्या झिपमध्ये साडेपाच तासांचा फरक पडतो. दोन झिपमधल्या फाइलींच्या वेळांत बरोबर साडेपाच तास दिसले की समजायचं. कमांडच्या आधी 'टी-झेड' हे व्हेरिएबल यूटीसी करा. शिवाय झिपला मोठा 'एक्स' पर्याय द्या म्हणजे यूजर आयडीसारखे जादा रकाने आत जात नाहीत.

क्रम: डिस्क जो देईल तो

टार कुठलीही सूचना नसेल तर फाइल सिस्टिम ज्या क्रमाने नावं देईल त्या क्रमाने फाइली घेतो. ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर हा क्रम नावांच्या हॅशवरून ठरतो आणि त्या हॅशचं बीज प्रत्येक डिस्क फॉरमॅट करताना वेगळं पडतं. म्हणजे त्याच नावाच्या त्याच फाइली दोन डिस्कवर वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. जावाही फोल्डरमधल्या फाइलींची यादी देताना क्रमाची हमी देत नाही. म्हणूनच "माझ्याकडे दहा वेळा केलं, दरवेळी तोच हॅश" हा पुरावा चालत नाही. एकाच डिस्कवर तो तोच येणार.

जीएनयू टारच्या 1.28 आवृत्तीपासून 'सॉर्ट' हा पर्याय आहे, त्याला 'नेम' द्या. मॅकवरचं टार वेगळ्या घराण्यातलं, त्यात हा पर्याय नाही. तिथे जीएनयू टार वेगळं बसवा, आणि मॅकचं टार वापरायचंच असेल तर 'कॉपीफाइल डिसेबल' हे व्हेरिएबल 1 करा, नाहीतर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या भुरट्या फाइली आत शिरतात. जुन्या टारवर अडकला असाल तर फाइंडने यादी काढून, सॉर्ट करून ती टारला द्यावी लागते. त्यात दोन खाचखळगे आहेत. सॉर्ट कमांड लोकॅलप्रमाणे (मशीनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) वागते, इंग्रजी-भारत लोकॅलमध्ये आणि सी लोकॅलमध्ये मोठ्या-लहान अक्षरांचा आणि चिन्हांचा क्रम वेगळा लागतो, म्हणून 'एल-सी-ऑल' हे 'सी' करा. आणि टारला 'नो-रिकर्शन' सांगा, नाहीतर यादीत फोल्डर आला की त्याच्या पोटातलं सगळं एकदा आणि मग यादीप्रमाणे पुन्हा एकदा असं दोनदा भरलं जातं.

मालक आणि परवानग्यांना फार लिहिण्यासारखं नाही. टारला 'ओनर' आणि 'ग्रुप' शून्य द्या, 'न्युमेरिक-ओनर' लावा म्हणजे मशीनवरच्या यूजरचं नाव आत जाणार नाही. 'मोड'मध्ये आधी ग्रुप आणि इतरांना मालकाइतक्या परवानग्या देऊन मग दोघांकडून लिहिण्याची परवानगी काढून घ्या. यूमास्कचा विषय तिथे मिटतो.

देवनागरी नावाची फाइल

हे मराठीत काम करणाऱ्यांनाच भेटतं, म्हणून सविस्तर. एका प्रकल्पात छापील अहवालांचे टेम्प्लेट मराठी नावांनी ठेवलेले होते. त्यातलं एक 'कर्मचाऱ्यांची यादी'. बाकी सगळी मॉड्यूल स्थिर झाली, हे एक होईना.

पहिलं कारण टारच्या फॉरमॅटमध्ये निघालं. स्क्रिप्टमध्ये 'पॉसिक्स' फॉरमॅट निवडला होता. त्या फॉरमॅटमध्ये जीएनयू टार देवनागरी नावासाठी आधी एक जादा हेडर लिहितो आणि त्या हेडरला स्वतःचं नाव देतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या नावात चालू प्रोसेसचा आयडी असायचा. प्रोसेस आयडी दर वेळी नवा, त्यामुळे हॅशही दर वेळी नवा. गंमत म्हणजे नाव इंग्रजीतून आणि लहान असतं तर नावासाठी त्या हेडरची गरजच पडली नसती. मात्र याच फॉरमॅटमध्ये फाइल शेवटची कधी वाचली आणि तिचा आयनोड (डिस्कवरची तिची नोंद) कधी बदलला याही वेळा जादा हेडरमध्ये जातात. उपाय: 'पॅक्स-ऑप्शन'मधून त्या हेडरचं नाव प्रोसेस आयडीशिवाय ठरवून द्या आणि 'ए-टाइम', 'सी-टाइम' दोन्ही काढून टाकायला सांगा.

दुसरं कारण त्या 'ऱ्यां'मध्ये होतं. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण यूटीएफ-8 मध्ये पहिल्याचे 3 बाइट आणि दुसऱ्याचे 6. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने ठेवायची. लिनक्स जे दिलं तेच ठेवतं. जुन्या मॅकवर उलगडून पुन्हा बांधलेल्या पॅकेजमध्ये नावाचे बाइट बदलतात, नावं लावण्याचा क्रम बदलू शकतो, आणि कोडमधून त्या नावाने फाइल मागितली तर ती सापडतच नाही, कारण कोडमध्ये नाव पहिल्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. फाइलींची नावं मराठीतच ठेवा, त्यात काही गैर नाही. फक्त बिल्डच्या सुरुवातीला सगळी नावं एनएफसी रूपात (पहिल्या, एकत्र तऱ्हेने) आहेत का हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट बसवा आणि नसतील तर बिल्ड तिथेच थांबवा.

ग्रेडल वापरणाऱ्यांसाठी

ग्रेडल 3.4 पासून आर्काइव्हच्या टास्कवर दोन स्विच आहेत: 'प्रिझर्व्ह फाइल टाइमस्टॅम्प्स' बंद करा, 'रिप्रोड्यूसिबल फाइल ऑर्डर' चालू करा. तक्रार परत परत येते ती इथेच, कारण हे दोन स्विच कोणीतरी एका जार टास्कवर लावतो. पुढे कोणी नवं मॉड्यूल जोडतं, त्यात वितरणाचं झिप बनवणारा नवा टास्क असतो, आणि त्याला ही सेटिंग्ज माहीतच नसतात. एकेका टास्कवर लावू नका. 'ॲबस्ट्रॅक्ट आर्काइव्ह टास्क' या प्रकारच्या सगळ्या टास्कना एकदम लागू करा आणि ते सगळ्या मॉड्यूलना लागू होणाऱ्या सामाईक प्लगइनमध्ये ठेवा. मग जार असो, वॉर असो, झिप असो की टार, उद्या जन्माला येणारा टास्कही आपोआप नियमात येतो.

या दोन स्विचमध्ये परवानग्या येत नाहीत, त्या फाइल सिस्टिमवरून उचलल्या जातात. ग्रेडल 8.3 पासून 'फाइल परमिशन्स' आणि 'डिर परमिशन्स' मधून त्या ठरवता येतात. 2025 मध्ये आलेल्या ग्रेडल 9 मध्ये हे सगळंच मुळात चालू असतं: क्रम ठरलेला, वेळ ठरलेली, फाइलींना 0644 आणि फोल्डरना 0755. चांगलीच गोष्ट आहे, पण अपग्रेड करताना एक बघा. तुम्ही स्वतः ठेवलेल्या शेल स्क्रिप्ट झिपमध्ये भरत असाल तर त्यांचा चालवण्याचा हक्क जातो आणि सर्व्हरवर 'परमिशन डिनाइड' येतं. त्यावर संपूर्ण आर्काइव्हला 'यूज फाइल सिस्टिम परमिशन्स' लावून मोकळं होणारे दिसतात. त्याने यूमास्कची भानगड परत घरात येते. फक्त त्या स्क्रिप्टना 0755 द्या.

आतला मजकूरही बघा. जारच्या मॅनिफेस्टमध्ये (माहितीच्या फाइलीत) बिल्डची तारीख किंवा बांधणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. जावाच्या प्रॉपर्टीज क्लासने फाइल लिहिली की वरच्या ओळीत कॉमेंट म्हणून त्या क्षणाची तारीख येते. जावा 18 पासून 'जावा डॉट प्रॉपर्टीज डॉट डेट' ने ती बांधता येते, ग्रेडलचा 'राइट प्रॉपर्टीज' टास्क ती लिहितच नाही. बिल्डची तारीख ॲपच्या 'अबाउट' स्क्रीनवर हवीच असं कोणी म्हटलं तर कमिटची तारीख द्या. सपोर्टला खरी गरज तिचीच असते.

परत येऊ नये म्हणून

पाइपलाइनमध्ये एक पायरी ठेवा: तोच कमिट दोनदा बांधायचा आणि हॅश ताडायचा. पण लागोपाठ, त्याच मशीनवर, त्याच फोल्डरमध्ये दोनदा बांधून काही कळत नाही. दुसऱ्या बिल्डला मुद्दाम सगळं वेगळं द्या: वेगळ्या लांबीचा फोल्डर, वेगळा यूजर, यूमास्क एकीकडे 0022 तर दुसरीकडे 0002, टाइमझोन एकीकडे आशिया/कोलकाता तर दुसरीकडे यूटीसीच्या 14 तास पुढे असलेलं किरितिमाती, लोकॅल वेगळं. रिप्रोटेस्ट हे साधन हेच सगळं हलवून बिल्ड करतं. क्रमाची परीक्षा घ्यायला डिसऑर्डर-एफएस आहे, ते फोल्डरमधल्या नावांचा क्रम मुद्दाम विस्कटून देतं. प्रत्येक कमिटला हे परवडणार नाही, वेळ दुप्पट लागतो. रात्रीच्या बिल्डला लावा आणि रिलीजच्या आधी सक्तीने.

राहिला प्रश्न दाबण्याच्या साधनाचा, आणि तो तुमच्या हातात पूर्णपणे नाही. तोच टार, तीच पातळी, पण झेडलिब या दाबण्याच्या लायब्ररीची आवृत्ती किंवा जीझिपची अंमलबजावणी वेगळी असेल तर दाबलेले बाइट वेगळे येऊ शकतात. उलगडल्यावर मजकूर तोच, हॅश वेगळा. एक्सझेडमध्ये तर एका थ्रेडवर आणि अनेक थ्रेडवर दाबलेल्या फाइलीही वेगळ्या येतात. जानेवारी 2023 च्या शेवटी गिटहबने सोर्स आर्काइव्ह दाबायला बाहेरच्या जीझिपऐवजी गिटचं अंगभूत जीझिप वापरलेली आवृत्ती लागू केली. आर्काइव्हमधली एकही फाइल बदलली नव्हती, तरी त्या आर्काइव्हचे हॅश बिल्ड फाइलींमध्ये लिहून ठेवलेले जगभरचे बिल्ड कोसळले आणि गिटहबला बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा दुसऱ्याने आपोआप बनवलेल्या आर्काइव्हचा हॅश आपल्या बिल्डमध्ये लिहिण्याआधी विचार करा, प्रकल्पाने स्वतः चढवलेली रिलीज फाइल असेल तर तिचा वापरा.

आपल्या बाजूने करायचं ते असं: टार, जीझिप, जावा यांच्या आवृत्त्या ज्या कंटेनर इमेजमध्ये आहेत ती इमेज टॅगने नाही तर डायजेस्टने (इमेजच्या हॅशने) बांधून ठेवा, आणि पावसात घरून पॅकेज बांधायची वेळ आली तर लॅपटॉपवरही त्याच इमेजमध्ये बांधा. ग्राहकाला रिलीजबरोबर दोन हॅश कळवा, एक दाबलेल्या फाइलचा आणि एक आतल्या उघड्या टारचा. त्यांच्याकडे पहिला जुळला नाही आणि दुसरा जुळला, तर फरक फक्त दाबण्यातला आहे हे त्यांचं त्यांनाच कळतं. दुसराही जुळला नाही तर दोन्ही उघडी टार मागवून घ्या आणि सीएमपी लावा.